वेलिगामा: एकट्याने, एकाच किनाऱ्यावर, एक आठवडा

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला, गॉल आणि मातारा यांच्या दरम्यान, वेलिगामाचा अर्धवर्तुळाकार उपसागर आहे. तळाशी वाळू, उतार हलका, लाटा सहसा कमरेएवढ्या. सर्फिंग पहिल्यांदा शिकणाऱ्याला याहून सोयीचं पाणी आपल्या आसपास क्वचित मिळेल. अडचण आपल्या सहलींच्या आखणीत असते. आठ दिवसांत कँडी, सिगिरिया, एला, याला राष्ट्रीय उद्यान असं सगळं बसवलं की वेलिगामाच्या वाट्याला एक दुपार उरते, आणि दुपार ही इथल्या समुद्राची सर्वांत वाईट वेळ. म्हणून पुढची सगळी आखणी एकच गाव, एकच खोली आणि रोज सकाळी तेच पाणी अशी आहे. दिवसाचा क्रम समुद्राने ठरवायचा, बाकीचं त्याच्या मागून.

निघण्याआधी

दक्षिण किनाऱ्याचा हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल. या महिन्यांत सकाळचा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. येणाऱ्या लाटेला तो समोरून थोपवतो, त्यामुळे ती लगेच ढासळत नाही आणि तिचं अंग गुळगुळीत राहतं. दुपारी जमीन तापली की वारा उलटतो आणि पाणी खडबडीत होतं. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी वारा समुद्रावरूनच येत राहतो, तेव्हा सर्फर मंडळी पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेकडे सरकतात. वेलिगामा तेव्हाही बंद पडत नाही, पण लाटा विस्कळीत असतात. जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यांत खात्रीचे. नाताळ ते नववर्ष हा आठवडा मात्र टाळावा. गर्दीत नवशिक्याला लाटेपेक्षा दुसऱ्याच्या हातून सुटलेल्या बोर्डाचा धोका जास्त.

भारतीय पासपोर्टवर निघण्याआधी ऑनलाइन ईटीए (प्रवासाचा पूर्वपरवाना) काढावा लागतो. तो श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा; दिसायला तशीच असलेली मध्यस्थांची संकेतस्थळं वर पैसे लावतात. शुल्काचे नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा अर्ज भरतानाच पाहा. घड्याळ बदलायचं नाही, वेळ आपलीच. फेब्रुवारी २०२४पासून तिथे यूपीआय सुरू झालं आहे, पण बोर्ड भाड्याने देणारा, टुकटुकवाला आणि शहाळीवाला यांच्यासाठी श्रीलंकेच्या रुपयांत रोख लागतेच. प्लगचे दोन प्रकार भेटतात: आपल्यासारखा गोल पिनांचा आणि ब्रिटिश पद्धतीचा चौकोनी तीन पिनांचा. दुसऱ्यासाठी अ‍ॅडॉप्टर घ्या.

सामान थोडं, पण नेमकं हवं. पूर्ण बाह्यांचे दोन लायक्रा टी-शर्ट (एक वाळत असताना दुसरा), मांडीपर्यंतची घट्ट शॉर्ट, झिंक असलेलं घट्ट सनस्क्रीन, व्हॅसलीन, ओआरएसची पाकिटं, डासांचं मलम. खिसे आणि चेन असलेली शॉर्ट घेऊ नका. बोर्डावर पालथं झोपल्यावर तीच चेन तासभर पोटात रुतते. कॉन्टॅक्ट लेन्स लाटेत हमखास निघून जातात. चष्मेवाल्यांनी चष्म्याविनाच उतरावं आणि प्रशिक्षकाला तसं आधी सांगावं, म्हणजे तो हाताच्या खुणांऐवजी ओरडून सूचना देतो.

खोली निवडताना नकाशा नीट पाहा. कोलंबोहून येणारा ए-२ हा मुख्य रस्ता वेलिगामात थेट किनाऱ्याला लागून जातो आणि खासगी बसचे हॉर्न पहाटेपासून सुरू होतात. समुद्र दिसणारी खोली म्हणजे बहुधा रस्त्यावरचीच खोली. दोन-तीनशे मीटर आत, नारळाच्या बागांमधल्या घरगुती गेस्टहाउसमध्ये शांतता मिळते आणि पाण्यापर्यंत पाच मिनिटं चालणं पुरतं. बुकिंगआधी तीन गोष्टी विचारा: मच्छरदाणी आहे का, बाहेर गोड्या पाण्याचा नळ आहे का, आणि नाश्ता साडेनऊनंतर मिळेल का. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण सकाळी साडेसहा ते नऊ तुम्ही किनाऱ्यावर आणि पाण्यात असणार.

पहिला दिवस

विमानतळ कटुनायकेला, कोलंबोच्या उत्तरेला साधारण तीस किलोमीटरवर. तिथून बसने कोलंबो फोर्ट स्टेशन आणि पुढे माताऱ्याच्या गाडीने वेलिगामा, तीन तासांच्या आसपास. महामार्गाची वातानुकूलित बस गॉल किंवा माताऱ्यापर्यंत लवकर पोचवते, पण एकट्याच्या प्रवासाची सुरुवात रेल्वेनेच करावी. कोलंबो सोडलं की रूळ बराच काळ समुद्राला इतके खेटून जातात की खिडकीत तुषार येतात. दक्षिणेच्या बऱ्याच गाड्या फोर्टच्या आधीच्या मरदाना स्टेशनवरून सुटतात. बसायला जागा हवी असेल तर तिथेच चढा, फोर्टला धक्काबुक्की असते.

जाताना उजवीकडची खिडकी धरा, समुद्र त्या बाजूला आहे. हिक्कडुवाच्या अलीकडे पेरालिया लागतं. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत इथेच खचाखच भरलेली रेल्वेगाडी लाटेखाली गेली आणि हजाराहून जास्त माणसं दगावली. रुळांजवळ स्मारक आहे. गॉलला गाडी थांबते, इंजिन दुसऱ्या टोकाला लागतं आणि गाडी आल्या वाटेने मागे निघून माताऱ्याकडे वळते. तुमचं तोंड आता उलट दिशेला असतं आणि समुद्र समोरच्या खिडकीत गेलेला असतो. नवखा माणूस इथे आपण चुकीच्या गाडीत राहिलो म्हणून गडबडीने उतरतो. उतरू नका.

पहिल्या दिवशी पाण्यात जायचं नाही. आलेला माणूस थकलेला असतो, वाराही दुपारचा असतो. त्याऐवजी किनाऱ्यावर चालत जा आणि अर्धा तास नुसतं बघा. लाटा गटागटाने येतात: तीन-चार मोठ्या, मग काही मिनिटं शांतता. त्या पहिल्यांदा कुठे फुटतात, फेस कुठवर येतो आणि पाणी परत कुठल्या बाजूने जातं हे किनाऱ्यावरून जितकं दिसतं तितकं पाण्यात गेल्यावर दिसत नाही. दोन फुटणाऱ्या पट्ट्यांमध्ये एखादी जागा गडद, शांत आणि लाटांविना दिसली तर तिथून पाण्याची ओढ आत जाते आहे. नवखा माणूस ‘इथे लाटा नाहीत’ म्हणून नेमका तिथेच उतरतो.

प्रशिक्षकही आजच ठरवा. किनाऱ्यावर बोर्डांच्या रांगा लावून बसलेले बरेच आहेत. एका प्रशिक्षकामागे दोनपेक्षा जास्त विद्यार्थी असतील तर पुढे चला. वाळूवर सराव न घेता थेट पाण्यात नेणाराही नको. बोर्ड उलटा करून पाहा: खालचे फिन (माशाच्या परासारखे पंख) हलतात का, पायाला बांधायच्या दोरीला कुठे चीर आहे का, आणि तिचा वेल्क्रो अजून पकडतो का. वेल्क्रो वाळूने भरला की दोरी पहिल्याच जोरदार लाटेत सुटते. दर ठरवताना तासाचा की पूर्ण सकाळचा, बोर्ड आणि लायक्रा धरून की वेगळे, हे बोलून घ्या. एकट्या माणसासाठी अजून एक महत्त्वाचा प्रश्न: पाण्यात असताना फोन आणि खोलीची किल्ली कुठे ठेवायची? वाळूत पिशवी ठेवून जाणं बरोबर नाही. बंद कपाट असलेली जागाच निवडा.

खोलीवर परतताना निळ्या रंगाचे त्सुनामी-मार्गाचे फलक कुठल्या रस्त्याने वर नेतात तेही एकदा पाहून ठेवा.

दुसरा दिवस

सहाला उठून एक केळं आणि पाणी. भरल्या पोटाने बोर्डावर पालथं झोपता येत नाही. सनस्क्रीन पाण्यात उतरण्याच्या वीस मिनिटं आधी लावा, कानांवर आणि पोटऱ्यांच्या मागेही. वेलिगामा विषुववृत्तापासून जेमतेम सहा अंशांवर आहे आणि पालथं पोहताना पोटऱ्याच सगळ्यात जास्त भाजतात. काखेत आणि मानेला व्हॅसलीन.

नवशिक्याचा बोर्ड मऊ फोमचा, आठ ते नऊ फुटी. वजन ऐंशी किलोच्या पुढे असेल तर नऊ फुटीच मागा. लहान बोर्ड देखणा दिसतो, पण तो पाण्यात खोल बसतो, वेग घेत नाही आणि लाट खालून निघून जाते. दोरी मागच्या पायाला. मागचा पाय कुठला हे ठरवायला गुळगुळीत फरशीवर मोजे घालून घसरायचं झालं तर कुठला पाय आपसूक पुढे जाईल ते पाहा. उरलेला तो मागचा.

वाळूवरचा सराव कंटाळवाणा वाटला तरी पूर्ण करा, कारण पाण्यात विचार करायला दोन सेकंदसुद्धा नसतात. बोर्डाच्या मधल्या रेषेवर छातीचं हाड, पायाची बोटं शेपटीच्या, म्हणजे मागच्या टोकाच्या, कडेला. तळहात बरगड्यांच्या शेजारी सपाट टेकवायचे. बहुतेक जण घाबरून बोर्डाच्या कडा पकडतात. तसं केलं की उठताना एका बाजूला जास्त जोर पडतो आणि बोर्ड आडवा कलंडतो. छाती वर, हात ताठ, आणि पुढचा पाय एका झटक्यात दोन्ही हातांच्या मधे. गुडघ्यावर थांबून मग उठायची सवय लावू नका. गुडघ्यावरून उठलं की दोन्ही पावलं शेजारी शेजारी, बोर्डाच्या नाकाच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दिशेने येतात आणि तोल सांभाळायला काहीच आधार राहत नाही. पावलं आडवी, मधे खांद्याएवढं अंतर, गुडघे वाकलेले, कंबर नाही. नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या झाडावर. पायांकडे पाहिलं की डोकं पुढे झुकतं आणि वजन त्याच्या मागे जातं.

पाण्यात जाताना बोर्ड आपल्या आणि लाटेच्या मधे कधीही येऊ द्यायचा नाही. तो अंगाच्या बाजूला, नाक सरळ लाटेकडे. आडवा धरला तर फेसाचा पहिलाच लोट तो तोंडावर आणून आदळतो. दोरी हाताला गुंडाळू नका. लाटेने हिसका दिला तर बोटं मोडतात.

पाण्यातला हा पहिला दिवस पूर्णपणे फेसातला. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहायचं, फुटून आलेली लाट दहा-बारा पावलांवर आली की बोर्ड किनाऱ्याकडे फिरवून झोपायचं आणि लांब, खोल हात मारायचे. बोर्डाचं नाक पाण्यापासून चार बोटं वर राहिलं पाहिजे. नाक खाली खुपसलं जातंय? दोन इंच मागे सरका. लाट ढकलते, पण बोर्ड मागेच राहतो? दोन इंच पुढे. नवशिक्याच्या निम्म्या अडचणी या दोन इंचांत असतात आणि बरेच जण मात्र पायांना दोष देत राहतात. पहिल्या पाच-सहा लाटा उभं न राहता, नुसतं झोपून किनाऱ्यापर्यंत घ्या. जागा बरोबर सापडली की उठणं बरंच सोपं होतं.

पडायचंही शिकायचं असतं. बोर्डापासून लांब, बाजूला, अंग पसरून सपाट पडायचं. सूर मारायचा नाही, खाली पाणी गुडघ्याएवढंसुद्धा असू शकतं. वर येताना एक हात डोक्यावर, कारण ताणलेली दोरी बोर्डाला परत तुमच्याकडेच खेचते.

दीड तास पुरे. दुसऱ्या तासात हात जड होतात, उठायला उशीर होतो आणि सगळी इजा त्याच उशिरात होते. बाहेर आल्यावर ओआरएस किंवा थंबिली, म्हणजे इथलं केशरी शहाळं. नंतर आंघोळ, नाश्ता आणि झोप.

नाश्त्याला आप्पा मागा. गाड्यावरचं काम जवळ उभं राहून पाहण्यासारखं आहे. तांदळाच्या पिठाचं, नारळाच्या दुधातलं आंबवलेलं पातळ पीठ हातभर रुंदीच्याही निम्म्या, खोलगट लोखंडी कढईत पळीभर ओततात. लगेच कढई दोन्ही कानांनी उचलून मनगटाच्या एका फेरीत फिरवतात. पीठ कडेला पातळ चढतं, उरलेलं तळाशी जमतं. त्या तळात अंडं फोडायचं, झाकण ठेवायचं, दोन-तीन मिनिटं. कड तपकिरी होऊन कढईपासून आपली आपण सुटली की आप्पा झाला. कडेने मोडत, आतल्या बलकात बुडवत खायचा.

शाकाहारी असाल तर एक गोष्ट आजच पक्की करा. पोळ संबोल, म्हणजे नारळ-मिरचीची चटणी, बहुतेक ठिकाणी उंबलकड घालून करतात. हा सुकवलेला मासा इतका बारीक कुटलेला असतो की दिसत नाही. भाज्यांतही तो पडतो. ‘मस एपा, मालु एपा’ (मांस नको, मासा नको) एवढं म्हटलं की कळतं, पण उंबलकडचं नाव घेऊन वेगळं सांगा, कारण तो मसाल्यात धरला जातो. परिप्पू, म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ, भात आणि फणसाची भाजी हे दुपारचं पोटभर जेवण.

तिसरा दिवस

खांदे, मान आणि बरगड्यांची खालची कड दुखते. हे ठरलेलंच. तरी पाण्यात जा, पण तासभरच आणि पुन्हा फेसातच. आज दहापैकी सहा वेळा उभं राहता आलं की उद्या पुढे जायचं, नाहीतर उद्याही इथेच. घाई करून खोल पाण्यात गेलेला नवशिका तिथे लाट पकडू शकत नाही आणि अर्धा तास इतरांच्या वाटेत तरंगत बसतो.

पोट आणि गुडघे फोमवर घासून लाल होतात. पूर्ण लायक्रा याचसाठी. उघड्या ओरखड्यावर मिठाचं पाणी रोज लागत राहिलं तर ते आठवडाभर भरत नाही. गोड्या पाण्याने धुऊन, कोरडं करून जंतुनाशक मलम लावा. कानात पाणी राहिलं तर डोकं एका बाजूला कलतं करून कानाची पाळी हलकेच ओढा. काडी घालू नका.

दुपार मोकळी आहे आणि ती मोकळीच ठेवावी. मिरिस्साला देवमासे पाहायला नेणाऱ्या बोटी जवळच्या आहेत आणि गेस्टहाउसवाले विचारतातच. पण त्या पहाटे निघतात, म्हणजे सगळ्यात चांगल्या लाटांची सकाळ त्यात जाते. या आठवड्यात तो बदल करू नये.

चारनंतर रेल्वे स्टेशनच्या बाजूला कुष्ठराजाची मूर्ती पाहून या. मोठ्या शिळेत कोरलेली उभी बोधिसत्त्व प्रतिमा, मुकुटात ध्यानस्थ बुद्धांच्या लहान आकृत्या. त्यामुळे अभ्यासक ती अवलोकितेश्वराची मानतात. स्थानिक कथा वेगळी आहे: त्वचारोगाने ग्रासलेला परदेशी राजा इथे येऊन थंबिलीचं पाणी पिऊन बरा झाला. कान्हेरीच्या लेण्यांतला अवलोकितेश्वर पाहिलेल्या माणसाने इथे थोडा वेळ थांबावं. महायान पंथाच्या खुणा समुद्रमार्गे कुठवर पोचल्या होत्या ते इथे समोर दिसतं.

चौथा दिवस

आज फेसाच्या पलीकडे, न फुटलेल्या लाटेवर. त्याआधी अंदाज वाचायला शिका. विंडी किंवा सर्फलाइन हे अंदाजाचं अ‍ॅप उघडलं की बहुतेक जण फक्त लाटेची उंची पाहतात. तिच्याइतकाच महत्त्वाचा आकडा दोन लाटांमधल्या सेकंदांचा. दक्षिण किनाऱ्यावर येणाऱ्या चांगल्या लाटा दूर दक्षिण महासागरातल्या वादळांतून निघालेल्या असतात आणि हजारो किलोमीटरच्या प्रवासात त्यांच्यातलं अंतर वाढतं. दोन फूट आणि सात सेकंद म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेलं, बळ नसलेलं पाणी. तेच दोन फूट चौदा सेकंदांनी येत असेल तर किनाऱ्याजवळ लाट बरीच उंच उभी राहते आणि ढकलतेही जोरात. नवशिक्याने उंची चार फुटांच्या वर आणि सेकंद बाराच्या वर असतील त्या दिवशी फेसातच राहावं.

भरती-ओहोटीची चिंता इथे कमी. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं, इथे चढउतार जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. तरी किनारा सपाट असल्यामुळे पूर्ण ओहोटीला लाटा उथळ पाण्यात एकदम, आडव्या पट्ट्यात कोसळतात. मधलं पाणी उत्तम.

पलीकडे जाताना लाट फुटत असलेल्या जागेतून सरळ जायचं नाही, बाजूने वळसा घालून जायचं. वाटेत फेसाची भिंत आलीच तर बोर्डाच्या दोन्ही कडा घट्ट पकडून उलटं व्हायचं, बोर्ड वर आणि आपण खाली, लाट गेली की परत सुलट. बोर्ड सोडून देऊन पाण्यात बुडी मारणं सोपं वाटतं, पण दोरीच्या लांबीसह नऊ फुटी बोर्ड मागे पंधरा-अठरा फुटांपर्यंत जाऊन कोणाच्याही डोक्यात बसू शकतो. वेलिगामातल्या गर्दीत मागे कोणी ना कोणी असतंच.

नियम थोडेच आहेत. लाट जिथे पहिल्यांदा फुटते त्या टोकाच्या सर्वांत जवळ असलेल्याची ती लाट. कोणी आधीच उभा असेल तर त्याच्या पुढ्यात उठायचं नाही. परतणाऱ्याने लाटेवरच्या माणसाच्या वाटेतून बाजूला व्हायचं, भले त्यासाठी फेस अंगावर घ्यावा लागो. चूक झाली तर हात वर करून माफी मागा, त्यावर विषय संपतो.

लाट पकडताना हमखास होणारी चूक म्हणजे हात लवकर थांबवणं. शेपटी उचलली गेली की आपण लाटेवर आलो असं वाटतं, पण अजून लाटेने बोर्डाला पूर्ण धरलेलं नसतं. तिथून आणखी दोन जोरदार हात मारा आणि मगच उठा. दुसरी चूक सरळ किनाऱ्याकडे जाण्याची. मान लाट उघडत असलेल्या बाजूला वळवा. खांदा, कंबर आणि बोर्ड आपोआप तिकडे वळतात आणि फेसापुढे पळत, गुळगुळीत अंगावरून लांबचा पल्ला मिळतो.

ओढीत सापडलात तर बोर्ड सोडू नका, तीच तुमची होडी. किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका. किनाऱ्याला समांतर बाजूला हात मारत जा, ओढीचा पट्टा सहसा अरुंद असतो, मग फेसाबरोबर किनाऱ्याकडे या. एकट्याने आलेल्याने रिकाम्या पट्ट्यात, कोणी नसताना उतरू नये. ‘मी जातोय, साडेआठला परत येतो’ एवढं प्रशिक्षकाला सांगून जा.

पाचवा दिवस

खांद्यांना पूर्ण सुट्टी. गॉलला बसने जा: माताऱ्याकडून गॉलला जाणारी कुठलीही बस रस्त्यावर हात केला की थांबते. बस वेगाने हाकतात, मधल्या रांगेत बसावं. वाटेत अहंगामा-कोग्गलाच्या पट्ट्यात समुद्रात रोवलेल्या काठ्यांवर बसून मासे धरणारे दिसतात. आता त्यांतले बरेच जण फोटोसाठी बसतात आणि पैसे मागतात. ते त्यांचं पोट आहे, तेव्हा फोटो हवा असेल तर आधी रक्कम ठरवा.

गॉलचा किल्ला पोर्तुगिजांनी १५८८मध्ये सुरू केला, १६४०मध्ये डचांनी घेतला आणि आजची तटबंदी मुख्यतः त्यांची. १९८८पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. आत लोक राहतात, शाळा भरतात, कोर्ट चालतं. तटावरून फेरी मारायला दीड-दोन तास, सावली जवळजवळ नाही, म्हणून नऊच्या आत किंवा चारनंतर. दीपगृह १९३९चं. डच चर्चची इमारत १७५५ची, तिच्या जमिनीत कोरीव थडगी बसवलेली आहेत. घड्याळाच्या मनोऱ्याकडच्या तटावर उभं राहिलं की खाली क्रिकेटचं मैदान पूर्ण दिसतं. त्सुनामीत ते मैदान पाण्याखाली गेलं, पण तटाआडचं गाव बऱ्याच अंशी वाचलं. खाणंपिणं आत महाग, बाहेर बाजारपेठेत रास्त.

परतल्यावर दही. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या मडक्यात लावलेलं. माताऱ्याचा परिसर त्यासाठी प्रसिद्ध. वर कितुलचा पाक घालतात. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. त्याचा रस आटवून काकवीसारखा गडद पाक करतात, चवीला किंचित धुरकट. साखरेचा स्वस्त पाकही त्याच नावाने विकला जातो, तेव्हा विचारून घ्या.

सहावा दिवस

आज प्रशिक्षकाविना. बोर्ड भाड्याने, त्याच ओळखीच्या पट्ट्यात, एकच उद्दिष्ट ठेवून: लाट स्वतः निवडायची. इतके दिवस ‘आता!’ असं कोणीतरी ओरडत होतं. आज लक्षात येईल की दर पाचांपैकी चार लाटा सोडून द्यायच्या असतात. उभी भिंत होऊन एकदम आडवी येणारी लाट सोडा. एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाकडे उतरत गेलेली घ्या.

दुपारनंतर जवळच्या मिदिगामाला जाऊन किनाऱ्यावरूनच बघा. ‘लेझी लेफ्ट’ ही संथ, लांबलचक लाट खडकाळ तळावर फुटते. जवळच ‘रॅम्स’ आहे, उथळ खडकावर पोकळ फुटणारी, फक्त तयार लोकांसाठी. तिथले सर्फर किती कमी हालचाल करतात ते पाहा. आठवडाभर शिकलेल्याने खडकावर उतरू नये. पडलं तर पाऊल टेकतं तिथे समुद्री साळू असतात आणि त्यांचे काटे कातडीत मोडून राहतात. तसं झालंच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून चिमट्याने काढा, खोल गेलेल्यासाठी डॉक्टर.

संध्याकाळी वेलिगामाच्या पश्चिम टोकाला मच्छीमारांकडे चालत जा. ओरुवा नावाच्या अरुंद होड्या वाळूवर ओढलेल्या असतात. बाजूला दोन वाकलेल्या दांड्यांनी जोडलेला लाकडाचा ओंडका तोल धरतो. सांधे दोरीने करकचून बांधलेले असतात, कारण लाटेत खिळा सैल होतो आणि दोरी लवते. समोर तप्रोबेन बेट, पाण्यातून चालत जाण्याइतकं जवळ. त्यावरचा बंगला १९२०च्या दशकात काउंट द मॉनी या फ्रेंच गृहस्थांनी बांधला. आता तो भाड्याने दिला जातो, बुकिंगशिवाय आत प्रवेश नाही.

आठवड्यात पौर्णिमा येत असेल तर ध्यानात ठेवा: तो ‘पोया’, सार्वजनिक सुट्टी. दारूविक्री बंद, गाड्यांना गर्दी, विहारांत दिवसभर ये-जा.

सातवा दिवस

विमान रात्रीचं असेल तर सकाळची एक फेरी होते, पण आठला पाण्याबाहेर. लायक्रा आणि शॉर्ट गोड्या पाण्यात दोनदा पिळून उन्हात टाका. दोन तासांत वाळतात. ओलेच भरले तर घरी पोचेपर्यंत कुबट होतात. बोर्डवाल्याचा हिशेब आदल्या रात्रीच करा, सकाळी तो पाण्यात असतो.

गाडीने निघायचं असेल तर एक गाडी चुकली तरी पुढची पुरेल एवढं अंतर ठेवा, कारण किनारी मार्गावर उशीर नेहमीचा. या वेळी गॉलपर्यंत समुद्र डावीकडे आणि गॉलनंतर, दिशा बदलल्यावर, पुन्हा समोरच्या खिडकीत. फोर्टहून कटुनायकेला दोन तास धरा, संध्याकाळच्या रहदारीत त्याहून जास्त. सनस्क्रीनची बाटली १०० मिलीपेक्षा मोठी असेल तर ती चेक-इनच्या सामानात टाका, आणि कितुलचा पाकही तिथेच, दोन पिशव्यांत गुंडाळून.